'आउसलेंडर'ला मराठीत काय म्हणावं: परदेशी, परकीय की परका?

धंतोली_अनुवाद: नागपुरातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलांसाठीची माहितीपुस्तिका मराठीत आणतेय. 'आउसलेंडर' या शब्दापाशी अडलंय. व्हिसा-कार्यालयाच्या प्रकरणात 'परकीय नागरिक' ठीक बसलं. 'घरमालक, शेजारी कसे वागतात' या प्रकरणात मात्र संपादकांनी तो खोडला. 'परकीय' म्हटलं की आक्रमण नाहीतर चलन आठवतं, 'परदेशी' करा, म्हणाले. मला तो अपुरा वाटतो.

सीताबर्डीकर: परदेशी नकोच. आपल्याकडे परदेशी म्हणजे उत्तरेकडून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मंडळी, आडनावही आहे. सरळ 'विदेशी' लिहा. नागपुरात सगळे तेच म्हणतात.

जुनी_पोथी: म्हणतात, कारण कानावर सतत हिंदी पडते. छापील पुस्तिकेत तरी मराठी असू द्या.

सीताबर्डीकर: विदेशी कापडाच्या होळ्या मराठी मुलखातही पेटल्या, तेव्हा हा शब्द कुणाला हिंदी वाटला नाही. 'विदेशी मद्य' ही सरकारी पाटी कोल्हापुरात आहे तशीच गोंदियात.

कागदपत्र: आधी जर्मन शब्दाचे दोन अर्थ सुटे करा. निवास कायद्यात जो जर्मन नाही तो आउसलेंडर, इतकंच. रस्त्यावर तोच शब्द चेहरा आणि नाव पाहून लागतो. तिथेच जन्मलेली, जर्मन पासपोर्ट असलेली तुर्की घरातली मुलगीही काहींच्या तोंडी आउसलेंडरच. हे दोन गट वेगळे मोजता यावेत म्हणून सांख्यिकी खात्याने २००५ मध्ये 'स्थलांतराची पार्श्वभूमी' असा वर्ग आणला: स्वतः किंवा आईवडिलांपैकी एक जन्माने जर्मन नसलेला.

याचा थेट परिणाम भेदभावाच्या तक्रारीवर होतो. २००६ च्या समान वागणूक कायद्यात वांशिक मूळ, धर्म, लिंग, वय वगैरे कारणं आहेत, नागरिकत्व नाही. 'परकीय नागरिक म्हणून घर नाकारलं तर तक्रार करा' असं छापलंत, तर मुलगा अर्जात तेच लिहील आणि तिथेच अडेल. तिथे 'वांशिक मूळ' हेच शब्द हवेत.

पुढचंही छापा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ई-मेल जपायचे. फोनवर नकार आला तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव लगेच टिपायचं. मग जर्मन नावाच्या मित्राने तेवढंच उत्पन्न आणि तेच शिक्षण लिहून त्याच घरासाठी विचारायचं. तुम्हाला 'गेलं' आणि त्याला 'बघायला या' असं उत्तर आलं, तर तो महत्त्वाचा पुरावा. भरपाईची मागणी दोन महिन्यांच्या आत करावी लागते, ती लेखी केलेली बरी. परीक्षेच्या धांदलीत मुदत निघून जाते, म्हणून हे ठळक छापा. घरमालक त्याच घरात राहणारा असेल तर हे संरक्षण बहुधा लागू होत नाही.

धंतोली_अनुवाद: हे घेतेच. मग रस्त्यावरच्या अर्थासाठी 'बाहेरचा' चालेल?

सीताबर्डीकर: नाही. आपल्याकडे पुण्याहून बदलीवर आलेला साहेबही बाहेरचाच असतो.

जुनी_पोथी: मग 'परका'. संस्कृत पारक्य, प्राकृत पारक्क, त्यावरून आलेला. लेकीला परक्याचं धन म्हणायचे, त्यात देशाचा संबंधच नव्हता. आपलं न मानणं एवढाच भाव, आणि तुम्हाला तोच हवाय.

वऱ्हाडी_बोल: वागणुकीच्या प्रकरणात 'झी' आणि 'डू' आलंय का? झी म्हणजे आपलं तुम्ही, डू म्हणजे तू. विद्यार्थी आपसात डूच म्हणतात, त्यात गैर काही नाही. पण खिडकीवरच्या माणसाने पुढच्या जर्मनाला झी आणि तुम्हाला डू म्हटलं, तर तो अपमानच. आपण शांतपणे झी म्हणत राहायचं. बरेचदा समोरचा वळणावर येतो. दुसरा मुद्दा 'मूळचे कुठले?' या प्रश्नाचा. आपल्याकडे ती ओळख काढायची रीत आहे. तिथे जन्मलेल्याला मात्र दोनदा 'नाही, मूळचे?' असं विचारणं म्हणजे 'तू इथला नाहीस' असं सुनावणं. नव्याने गेलेल्याला तोच प्रश्न बहुतेक कुतूहलाने विचारतात. हा फरक मुलांना कळला पाहिजे.

जुनी_पोथी: मुखपृष्ठावर 'विदेशात शिकताना' आहे म्हणे. ते 'परदेशात' करा.

सीताबर्डीकर: का? माणसाला परदेशी म्हणण्यावर माझा आक्षेप होता. 'परदेशात' चालेल, पण 'विदेशात' चूक आहे असं मी मानणार नाही.

जुनी_पोथी: चूक नाही म्हणालो. मराठी वळणाचं नाही म्हणालो.

धंतोली_अनुवाद: मुखपृष्ठ छापून झालंय. आतल्या 'परका'वर अजून कुणाचं मत?