स्पोर्ट्स कार रोज वापरता येते का? फॅमिलीसाठी, नाशिकमध्ये

नमस्कार मंडळी, पोर्शे ९११ सेकंडहँड घ्यायचा खूप विचार चाललाय, पण गाडी एकच ठेवणार, म्हणजे गंगापूर रोडवरून मुलांची शाळा, भाजी, आईला देवदर्शन सगळं त्यातच. मुलं ५ आणि ९ वर्षांची. कोणी असं करतंय का?

सिडकोकर: मागच्या सीटवर मुलं बसतील, आई नाही बसू शकणार. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवून मागे शिरायचं, गुडघेदुखी असलेल्या माणसाला ते अशक्य आहे. इंजिन मागे, त्यामुळे डिकी पुढे, तीही १३०-१३५ लिटरचीच. आणि घ्यायचीच तर फ्रंट लिफ्टवाली बघा, बटण दाबलं की पुढचा भाग साधारण ४० मिमी उचलतो, आपल्या स्पीडब्रेकरला ते लागतंच हो. सध्या कुंभमेळ्यासाठी रस्ते कुठे कुठे खणलेत ते बघताच आहात.

इंदिरानगर_ड्रायव्हर: मी बीएमडब्ल्यूची चार दारांची एम३४०आय वापरतो, ३ लिटर सहा सिलिंडर, आईवडील आरामात बसतात, कसारा घाटात मजा येते ती येतेच. फक्त रनफ्लॅट टायरच्या (पंक्चर झाला तरी थोडं अंतर चालतो तो) बाजू कडक असतात, खड्डा जाणवतो, हवेचं प्रेशर दर १५ दिवसांनी बघायचं.

प्रश्नकर्ता: आईचं लक्षातच आलं नव्हतं, खरंच थँक्यू. रविवारी तिला घेऊनच टेस्ट ड्राइव्हला जातो.

सिडकोकर: हो, आणि चाइल्ड सीट पण घेऊन जा, बसवून बघा.