‘पान पुन्हा लोड न करता’: करता की होता?

अर्धविराम: एका ॲपच्या मदत-मजकुराचं भाषांतर करतेय. नवी नोंद यादीत तिथल्या तिथे दिसते, अख्खं पान परत लोड व्हावं लागत नाही, एवढंच सांगायचंय. मी लिहिलं, ‘पान पुन्हा लोड न करता यादी अद्ययावत होते.’ तपासनिसांचा शेरा: ‘न करता’चा कर्ता कोण? यादी थोडीच पान लोड करते! ‘न होता’ लिहा म्हणे. मला ते खटकतं. तुम्ही काय लिहाल?

काना_मात्रा: शेरा योग्य आहे. धातुसाधित (इथे ‘न करता’) आणि मुख्य क्रियापद यांचा कर्ता एकच हवा.

रोखठोक: मग ‘न सांगता समजतं’चं काय? सांगणारा एक, समजणारा भलताच. पिढ्यान्‌पिढ्या बोलतोय, कुणाचं काही अडलं नाही.

काना_मात्रा: तो रूढ वाक्प्रचार. त्यावरून नियम काढू नये. माझा खरा आक्षेप ‘अद्ययावत’वर आहे. अद्य + यावत् = आजपर्यंत. क्षणाक्षणाला हलणाऱ्या आकड्याला ‘आजपर्यंत’ कसं पुरेल? संस्कृतात आज घडलेलं आणि त्याआधी घडलेलं यांसाठी क्रियापदाची रूपंच वेगळी. ‘अनद्यतने लङ्’ (आजच्या आधी घडलेल्यासाठी ‘लङ्’ हे भूतकाळाचं रूप) हे पाणिनीचं सूत्र आठवा.

रोखठोक: व्युत्पत्तीच धरायची तर ‘प्रवीण’ फक्त वीणा वाजवणाऱ्याला म्हणा. ‘अपडेट’ लिहा आणि मोकळे व्हा.

टॅबवाला: शब्द नंतर, आधी घडतं काय ते बघा. रिलोड म्हणजे ब्राउझर अख्खा दस्तऐवज नव्याने उभा करतो. अर्धवट भरलेला फॉर्म त्यात पुसला जाऊ शकतो. इथे तसं नाही. स्क्रिप्ट मागच्या मागे सर्व्हरला विचारते, थोडासा डेटा येतो आणि पानाचा तेवढाच तुकडा बदलतो. आम्ही बोलताना ‘रिफ्रेश मारला’ दोन्हीला म्हणतो, तिथेच घोटाळा होतो.

फारसीप्रेमी: रिफ्रेशला ‘ताजं करणे’ का नको? ताजा फारसी, ‘ताजंतवानं’मधलं तवानाही फारसी, अर्थ सशक्त. यादी ताजीतवानी झाली!

अर्धविराम: यादी काय आंघोळ करून आलीय? ☺ ‘करता’चं सांगा ना कुणीतरी.

टॅबवाला: नावांचं म्हणाल तर मागच्या मागे डेटा आणायची ही सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये आणली, आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी. तिचं ‘एजॅक्स’ हे बारसं वेब-रचनाकार जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ साली केलं. त्यातला शेवटचा एक्स म्हणजे एक्सएमएल, डेटा लिहायची एक पद्धत. आता बहुतेक ठिकाणी डेटा जेसन या दुसऱ्या पद्धतीत येतो, एक्स तसाच लोंबकळतोय.

रोखठोक: बघा! तिळाचं ते तैल, त्यावरून तेल, आणि आता शेंगदाण्याचंही तेलच. नावातला घटक गेला तरी नाव टिकतं. ‘अद्ययावत’लाही हेच लागू.

काना_मात्रा: माझ्याच हत्याराने मला मारता. पण मघाशी ‘अपडेट’ तुम्हीच सुचवलंत.

कानाने_वाचणारा: मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. अख्खं पान लोड झालं की तो नवं शीर्षक वाचतो, मला कळतं. तुकडा गुपचूप बदलला तर काहीच ऐकू येत नाही. त्यासाठी एरिआ-लाइव्ह नावाची खूण लावावी लागते. तिला ‘पोलाइट’ ठेवलं तर चालू वाक्य संपल्यावर बदल सांगितला जातो, ‘असर्टिव्ह’ ठेवलं तर मध्येच तोडून. एका मराठी माहितीपत्रात मी ‘विनम्र’ आणि ‘आग्रही’ वाचलं. काय बोध होणार?

टॅबवाला: कोडमध्ये ते इंग्रजीतच राहतं, पण समजावताना शब्द लागतोच. ‘आग्रही’ तर चूकच. आग्रह करणारा निदान वाक्य संपायची वाट बघतो.

काना_मात्रा: ‘सविनय’ आणि ‘सत्वर’?

रोखठोक: ‘सविनय’ म्हटलं की पुढे ‘कायदेभंग’च आठवतो. सरळ ‘थांबून’ आणि ‘तोडून’ लिहा.

काना_मात्रा: ती विशेषणं नाहीत.

कानाने_वाचणारा: नसू देत. ‘थांबून’ मला कळलं.

फारसीप्रेमी: ‘अदबीने’ आहे की! अदब अरबी, फारसीमार्गे आलेला.