मदत हवी आहे : 'द कम्प्लीट अँग्लर'ची कोणती आवृत्ती घ्यावी?

आयझॅक वॉल्टन यांचे गळाने मासे पकडण्याच्या छंदावरील 'द कम्प्लीट अँग्लर' मला विकत घ्यायचे आहे. परंतु या संवादरूपी पुस्तकाच्या १६५३ च्या पहिल्या आवृत्तीत मुख्यतः दोघेच बोलतात, १६५५ मध्ये शिकारी आणि ससाणे पाळणारा धरून तिघे होतात, तर १६७६ मध्ये चार्ल्स कॉटन यांचा कृत्रिम माशी वापरून मासे पकडण्यावरचा भाग जोडला गेला, त्यामुळे कोणता पाठ निवडावा हे ठरत नाही. बेडूक गळाला लावताना त्याच्यावर जणू प्रेमच आहे अशा हळुवारपणे तो हाताळा, असे सांगणारा हा भाविक वॉल्टन (बेडकाचे मत निराळे असेल) मला फार आवडला. भरपूर तळटिपा असलेली, पण मूळ भाषा न बदललेली आवृत्ती कोणी वाचली असल्यास कृपया सुचवावी. सोबत रॉजर लेस्ट्रेंज यांची १६९२ ची इंग्रजी इसापनीती, तिच्यातील गोष्टींवरच्या लांबलचक चिंतनांसह, आज वाचायला जमते का, हेही कळवावे.