क्लोरीनचे टनर हटवले की धोका संपतो?

फिल्टरबेड
काल एका ठाणेकराने लिहिलं: "जलशुद्धीकरण केंद्राच्या कुंपणाला टॉवर भिडलेत. क्लोरीनचे टनर काढा, हायपो आणा, धोका संपला. गळती झालीच तर बंब येऊन पाणी मारेल." टनर म्हणजे द्रव क्लोरीनचं मोठं पोलादी पिंप, हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. एवढ्याशा मजकुरात दोन घातक समज आहेत: हायपोने धोका संपतो आणि गळत्या टनरवर पाणी मारावं. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हिशेब. १०० एमएलडीचं (दिवसाला १० कोटी लिटर पाण्याचं) केंद्र, डोस २ मिलिग्रॅम प्रति लिटर. दिवसाला २०० किलो क्लोरीन लागतं, म्हणजे ९०० किलोचा टनर साडेचार दिवस पुरतो. तेच १० टक्के हायपोने करायचं तर रोज २००० लिटर, आणि तोही ताजा हवा. मे महिन्यात टाकीत पडलेल्या हायपोची ताकद रोज उतरते, मग डोस वाढवावा लागतो आणि सोबत क्लोरेट हा नको असलेला क्षारही पाण्यात जातो. नवी मुंबईचं भोकरपाडा केंद्र ४५० एमएलडीचं आहे. याच डोसने तिथे रोज ९००० लिटर लागतील. तेवढे टँकर रोज आत आणायचे का?

आणि गळती होते कुठे? बहुतेक वेळा जोडणीत. टनर बदलताना शिशाचा वॉशर दर वेळी नवाच घालायचा असतो. जुना चपटा झालेला असतो, तो परत घातला की योकपाशी (झडपेला नळी आवळणाऱ्या पकडीपाशी) गळणारच.

घणसोली_सेक्टर
वॉशरचं मान्य. पण हायपोची टाकी फुटली तर तो भोवतालच्या बांधात साचतो. टनर फुटला तर? एक लिटर द्रवाचा साधारण ४६० लिटर वायू होतो, हवेपेक्षा अडीचपट जड. तो जमिनीलगत सरकत टॉवरच्या बेसमेंट पार्किंगमध्ये उतरणार. जुलै २०१० मध्ये शिवडीला हाजी बंदरात जुन्या सिलिंडरांतून गळती झाली, शंभराहून जास्त लोकांना त्रास झाला. वॉशरच्या गप्पा त्यांना सांगा.

फिल्टरबेड
ते सिलिंडर वर्षानुवर्षं बेवारस गंजत पडले होते. दर चार-पाच दिवसांनी बदलणाऱ्या टनरशी त्यांची तुलना करू नका. आणि हायपो निरुपद्रवी आहे असं लिहून लोकांना फसवू नका. हायपोचा टँकर चुकून पीएसीच्या (गढूळपणा बसवणाऱ्या आम्लधर्मी रसायनाच्या) टाकीत रिकामा केला तर तिथेच क्लोरीन वायू सुटतो. म्हणून दोन्हींचे भरण्याचे कपलिंग वेगळ्या मापाचे हवेत आणि दोन्हींना कुलूप हवं.

कळवा_नाका
बंबाने पाणी मारू नये हे कुठून काढलंत? पाण्याचा पडदा वायूला अडवतो. अग्निशमनवाले काय मूर्ख आहेत?

लॅब_शिफ्ट
मूर्ख कुणीच म्हटलेलं नाही, शब्द घुसडू नका. गळत्या टनरवर पाणी मारलं की ओल्या क्लोरीनचं आम्ल होतं, ते पोलाद खातं आणि सुईएवढं भोक मोठं होतं. शिवाय द्रव क्लोरीन उणे ३४ अंशाला उकळतो. गळताना टनर आपोआप गार होतो आणि गळती मंदावते. पाणी त्याला उष्णता देतं, वायू जोरात सुटतो.

करायचं ते असं. वाऱ्याच्या पाठीकडून दोघांनी जायचं, स्वतःची हवा पाठीवर असलेला श्वसनसंच घालून. कॅनिस्टर मास्क मोठ्या गळतीत चालत नाही. अमोनियाचा बोळा फिरवला की पांढरा धूर निघतो, तिथे भोक. द्रव गळत असेल तर टनर फिरवून भोक वर आणायचं, म्हणजे द्रवाऐवजी वायू सुटतो आणि गळणारं वजन कितीतरी कमी होतं. मग गळतीच्या किटमधला हूड (भोकावर घट्ट बसणारं झाकण) बसवायचा.

कळवा_नाका
टनरवर नको, हे पटलं. पण ढगाच्या वाटेवर, टनरपासून लांब पडदा?

लॅब_शिफ्ट
लांबून चालेल. फार आशा ठेवू नका. २० अंशाला लिटरभर पाण्यात जेमतेम ७ ग्रॅम क्लोरीन विरघळतो, आणि ते आम्लाचं पाणी नाल्यात जाऊ द्यायचं नाही. खरं काम कॉस्टिकच्या स्क्रबरचं, म्हणजे शेडमधली हवा ओढून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात वायू शोषणाऱ्या यंत्रणेचं. किलोभर क्लोरीनला सव्वा किलो कॉस्टिक धरा, म्हणजे पूर्ण टनरसाठी टाकीत ११२५ किलो.

शेवटचा_नळ
एवढं सगळं करून सोसायटीची टाकी सहा महिने धुवत नाहीत. मग केंद्रातून कितीही क्लोरीन सोडा, नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमही उरत नाही. त्यावर कोण बोलणार?

घणसोली_सेक्टर
वेगळा धागा काढा, इथे माणसं गुदमरण्याची गोष्ट चालली आहे.

फिल्टरबेड, मोठ्या केंद्रात हायपो परवडत नाही, हे नाइलाजाने मान्य. पण मग साठा कमी ठेवा. जोडलेले दोन आणि राखीव तेवढेच. वीस टनर शेडमध्ये रचून ठेवायचं कारण नाही. आणि क्लोरिनेटर (क्लोरीन मोजून पाण्यात सोडणारं यंत्र) व्हॅक्यूमचाच हवा. नळी तुटली तर हवा आत ओढली जाते आणि टनरवरची झडप आपोआप बंद होते.

फिल्टरबेड
साठ्याचं बरोबर आहे. जोडलेले दोन मात्र लागतातच. २०० किलो म्हणजे ताशी सव्वाआठ किलो, एकाच टनरवर तेवढा भार टाकला की थंडीत त्याच्यावर बर्फ धरतो आणि डोस कमी पडतो. मग कुणीतरी हीटर लावतं. टनरवरचा फ्यूजिबल प्लग (सुरक्षेचं बूच) ७० अंशांच्या पुढे वितळतो आणि वायू बाहेर सुटतो, हे विसरून.

घणसोली_सेक्टर
मग एवढंच सांगा. वीज गेली तर स्क्रबरचा ब्लोअर जनरेटरवर चालतो का? आणि सेन्सर वाजल्यावर तो आपोआप सुरू होतो, की कुणी आत जाऊन बटण दाबायचं?

लॅब_शिफ्ट
आपोआप सुरू व्हायलाच हवा. आणि हातचं बटण दाराबाहेर. ओढणारी जाळी जमिनीलगत, छताला नाही. यातलं एक जरी नसेल तर त्या केंद्रापुरतं तुमचं म्हणणं खरं.