खनिज तेल दुर्मीळ झाल्यावर ठाण्यातील एका गृहसंकुलाने कसे जगावे?

कोलशेतकर

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, आणि १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राचे भरभराटीचे दिवस मागे पडून बराच काळ लोटला आहे. तेल एका रात्रीत संपणार नाही, हे मला मान्य आहे. आधी ते महाग होईल, मग अनियमित मिळेल आणि शेवटी काही ठरावीक कामांपुरतेच राखून ठेवले जाईल. माझा प्रश्न या शेवटच्या अवस्थेविषयी आहे. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या इमारतीत चाळीस सदनिका आणि दीडशेच्या आसपास माणसे आहेत. कारखाने मंदावले, नोकऱ्या गेल्या, आणि अशा वेळी या दीडशे जणांनी एक लहान समूह म्हणून येथेच राहायचे ठरवले, तर त्यांचे अन्न, पाणी आणि काम यांची व्यवस्था कशी लागेल? ‘गावी जावे’ हे उत्तर कृपया देऊ नये. आमच्यातील अनेकांना परतण्यासारखे गाव उरलेले नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्या तेथील जमिनीचे इतके तुकडे झाले आहेत की त्यावर आणखी माणसे पोसली जाणार नाहीत.

भातखाचर (उत्तर)

आधी धान्याचा हिशेब मांडू, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख होती. माणशी वर्षाला १२० किलो तांदूळ धरला, तरी सव्वादोन लाख टनांच्या आसपास तांदूळ लागतो. रासायनिक खत न घालता हेक्टरी दीड टन तांदूळ हाती येईल असे धरले (आणि हे मी सढळ हाताने धरतो आहे), तर त्यासाठी दीड लाख हेक्टरांच्या जवळपास जमीन हवी. महापालिकेचे सारे क्षेत्र १३ हजार हेक्टरांच्या घरात आहे, आणि त्यातही येऊरचे जंगल, खाडी व बांधकामे आली.

तेव्हा गच्चीवर वाफे करून समूह स्वयंपूर्ण होईल, ही आशा सोडलेली बरी. पालेभाजी, शेवगा, दुधी, पपई अवश्य पिकवावी, कारण त्यातून जीवनसत्त्वे मिळतात आणि ती मिळाली नाहीत तर काय होते हे क्यूबाने पाहिले आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेथे येणारे तेल आटले. हवानातील मोकळ्या भूखंडांवर भाजीचे मळे उभे राहिले, शेतात पुन्हा बैल आले, लोक सायकलींवर फिरू लागले. या गोष्टी सर्वत्र कौतुकाने सांगितल्या जातात. मात्र त्याच वर्षांत निकृष्ट आहारामुळे दृष्टी आणि मज्जातंतू यांच्या आजाराने सुमारे ५० हजार लोकांना ग्रासले होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

धान्य घाटावरूनच येणार. ते पिकवणाऱ्याला बदल्यात आपण काय देणार, हे आधी ठरवावे लागेल. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. वायूचा पुरवठा तुटला की घाटावरच्या शेताचेही उत्पन्न घटेल. अशा वेळी शहराजवळ देण्यासारखी एक मोठी वस्तू आहे, ती म्हणजे सोनखत, अर्थात मानवी मैल्याचे खत. नीट, पुरेसा काळ कुजवलेले सोनखत शेतापर्यंत परत पोहोचवण्याची शिस्त ज्या वस्तीला लागेल, तिला धान्य मागण्याचा हक्क राहील.

वाशीहून (उत्तर)

वरील हिशेब मला पटतो, पण तेल संपणे आणि वीज संपणे यांत अंतर आहे, आणि आपल्या भागात ते फार महत्त्वाचे आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिरा येथील १९२७ साली सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पावसाचे पाणी कोकणात खाली सोडून ही वीज तयार होते. तिन्ही मिळून क्षमता साडेचारशे मेगावॉटच्या आसपास आहे. आजच्या मागणीपुढे ती थोडी आहे, परंतु दवाखाने, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या आणि मोजक्या रेल्वेगाड्या एवढ्यांसाठी ती जपून वापरली, तर नगण्य नाही. मुंबईत विजेची गाडी १९२५ सालीच धावू लागली होती, आणि घाटावरचे धान्य विजेच्या मालगाडीने खाली उतरू शकते.

अडचण देखभालीची आहे. रोहित्रात (ट्रान्सफॉर्मरमध्ये) भरलेले तेल बहुधा खनिज तेलच असते, बेअरिंगचे ग्रीसही तेथूनच येते. म्हणून जे थोडे तेल उरेल ते गाड्यांत जाळण्यापेक्षा वंगणासाठी राखावे, असे माझे ठाम मत आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. इंजिनातून त्यातील तिसरा हिस्सा जरी कामी आला, तरी ते चार-पाच मजुरांच्या दिवसभराच्या कष्टांइतके भरते. इतकी मोलाची वस्तू वाहतूक कोंडीत उडवून टाकण्याची सवय आपल्याला लागली आहे, याचे मला मनापासून दुःख होते. ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत लेथवर हात बसलेली माणसे अजून आहेत. पंप आणि मोटारी दुरुस्त करून देणे, हेही घाटावरच्या शेतकऱ्याला देण्यासारखे काम आहे. ते आजच्या मुलांनी शिकून घ्यावे.

खारबांध (उत्तर)

मी घणसोलीकडचा आगरी. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली; त्याआधी या पट्ट्यात खाडीलगत भातशेती आणि मिठागरे होती. माती-दगडाचा बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, बांधातील उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, ओहोटीला उघडून पावसाचे साचलेले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीआधी ती बंद करायची, असे ते काम चाले. बांध एका जागी जरी फुटला, तरी खारे पाणी साऱ्या गावाच्या शेतात शिरे आणि जमीन सुधारेपर्यंत पुढचे हंगाम वाया जात. त्यामुळे बांध राखणे हे कोणा एका घराचे काम नव्हतेच. शेजाऱ्याशी अबोला असला, तरी त्याच्याबरोबर चिखलात उतरावे लागे. लहान समूह म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर आमच्या जुन्या माणसांना या कामाविषयी विचारावे.

परंतु त्या काळाचे गोडवे गाताना बायकांचे कष्ट विसरू नयेत. भात कांडणे, दळण, डोक्यावरचे पाणी, सरपण हे सारे त्यांच्या वाट्याला होते. वीज अपुरी पडली, तर गिरणी आणि पाण्याचा पंप यांना पहिला मान मिळावा. नाहीतर तेलाने उचललेले ओझे पुन्हा घरातील बाईच्याच पाठीवर येईल.

खाडीविषयीही सांगतो. कारखाने थांबले की निवट्या, बोय, जिताडा पुन्हा भरपूर मिळतील, असे अनेकांना वाटते. पाणी लवकर निवळेल, पण कारखान्यांच्या सांडपाण्यातून गाळात बसलेले जड धातू इतक्या लवकर जाणार नाहीत. मासळी हे मुख्य अन्न धरून चालू नये. मीठ मात्र ऊन आणि वारा यांवरच पिकते. मिठागरे बुजवली नाहीत, तर घाटावर पाठवायला तेही आहे.

कोलशेतकर

तिघांचेही आभार. पाण्याचा हिशेब मी करून पाहिला. आमची गच्ची ४०० चौरस मीटर आहे. वर्षाला अडीच मीटर पाऊस आणि २० टक्के गळती धरली, तर ८ लाख लिटर पाणी मिळते. दीडशे माणसांना रोज ५० लिटर दिले, तर ते साडेतीन महिन्यांत संपते, आणि इतके साठवायला टाकीही नाही. ठाण्याचे बरेचसे पाणी आज भातसा नदीतून पंपाने उपसून आणले जाते. तेव्हा आवारातील बुजवलेली विहीर उपसून मोकळी करावी आणि वरच्या मजल्यांवरील वृद्धांना खाली जागा द्यावी, एवढे दोन विषय मी सभेपुढे ठेवणार आहे.

परिचारिका_कळवा

त्यात तिसरा विषय घालावा. इमारतीत किती जण इन्सुलिन घेतात, किती जणांचे डायलिसिस चालू आहे, याची त्यांच्या संमतीने नोंद करावी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. घरोघरचे शीतकपाट चालणार नसेल, तर एक सामाईक शीतकपाट चालू ठेवण्याइतकी वीज वेगळी राखता येईल. पण इन्सुलिन बनवणे दीडशे माणसांच्या आवाक्यातले नाही, दीड हजारांच्याही नाही. त्यासाठी कोठेतरी कारखाना, प्रयोगशाळा आणि तेथवर पोहोचणारी गाडी टिकलीच पाहिजे. वंगणाच्या तेलाचा विषय वर निघाला आहे. राखून ठेवलेल्या तेलात या कारखान्यांचा वाटा आधी काढावा, अशी माझी विनंती आहे.