एमबीएच्या मुलाखतीत समोरचा नेमकं काय बघतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमबीएच्या प्रवेशासाठी मुलाखतीचं बोलावणं आलंय आणि तयारी नेमकी कशाची करायची तेच कळेनासं झालंय. जीमॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, निबंध, शिफारसपत्रं सगळं त्यांच्याकडे आधीच पोचलेलं आहे. मग समोर बसवून आणखी काय बघतात?

शोधाशोध केल्यावर गोंधळ वाढलाच. हार्वर्डमध्ये मुलाखत घेणाऱ्याने अख्खा अर्ज वाचलेला असतो आणि ३० मिनिटं त्यावरच खोदून विचारतात. केलॉग आणि बूथ या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमध्ये मुलाखत घेणाऱ्याच्या हातात फक्त रेझ्युमे असतो. मग निबंधातलंच पुन्हा सांगायचं की नवं काही?

मी कारखान्यात उत्पादन नियोजन बघते. प्रसंग भरपूर आहेत, पण सराव घेताना मैत्रीण म्हणाली, "उत्तर बरोबर आहे, पण यात तू कुठेच दिसत नाहीस." तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. शिवाय फसलेल्या कामाबद्दल विचारलं तर खरंखुरं सांगावं का? ज्यांनी मुलाखती दिल्या किंवा घेतल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

माजी विद्यार्थी म्हणून मी मुलाखती घेतो, त्यावरून सांगतो. तुमची मैत्रीण नेमकं बोलली. प्रकल्प किती मोठा होता याने मला फारसा फरक पडत नाही. तुमच्यासमोर कोणते पर्याय होते, विरोध कोणाचा होता, तुम्ही तोच मार्ग का धरलात, हे मी विचारत राहतो. त्यावर "टीमने ठरवलं" एवढंच उत्तर आलं की टिपणात लिहायला काही उरत नाही. एमआयटी स्लोनमध्ये तर घडून गेलेल्या प्रसंगांवरच भर असतो: तुम्ही काय म्हणालात, समोरचा काय म्हणाला, मग काय केलंत.

फसलेलं काम खरंच सांगा. गुळगुळीत केलेली गोष्ट लगेच ओळखू येते, कारण दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला तपशील संपतात. त्यानंतर तुमच्या कामाच्या पद्धतीत काय बदललं, ते मात्र हवंच.

अर्ज वाचलेला असेल तर निबंधातल्या ओळी परत ऐकवू नका, त्यात न मावलेला भाग सांगा. आणि ऐकून घ्या! प्रश्न पुरा व्हायच्या आत पाठ केलेलं उत्तर सुरू झालं, की वर्गातल्या चर्चेतही ही व्यक्ती अशीच वागेल का, अशी शंका येते.

प्रतिसाद २

वॉर्टन बिझनेस स्कूल असेल तर वेगळी तयारी लागेल. तिथे पाच-सहा उमेदवार मिळून ३५ मिनिटं एका विषयावर चर्चा करतात, मग प्रत्येकाशी १० मिनिटं स्वतंत्र बोलणं. चर्चेत सर्वात जास्त बोलण्यापेक्षा गप्प बसलेल्याला सामावून घेणं आणि वेळेत निष्कर्षाला नेणं जास्त मोलाचं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सुटा भाग उशिरा येणार म्हणून लाइन थांबवायचा निर्णय माझा होता आणि विक्री विभाग विरोधात होता, तो प्रसंग घेते. त्यातला तांत्रिक भाग किती सांगू?

प्रतिसाद १

दोन वाक्यांत. विक्री विभागाशी काय बोलणं झालं, त्याला वेळ द्या.