मदत हवी आहे: लघुप्रबंधासाठी फोकस ग्रुप, आणि मॉडरेटर मीच

नमस्कार मंडळी,

माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे वर्गातले गटप्रकल्प. कामाची वाटणी ठरते कशी, आणि नावं सगळ्यांची लागून राबतात दोघंच, तेव्हा त्या दोघांना आणि उरलेल्यांना काय वाटतं, हे शोधायचं आहे. प्रश्नावली भरून घेतली. पण 'वाटणी समान होते का?' यापुढे 'बहुतेक वेळा' अशी खूण करून लोक मोकळे झाले. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, आता दोन-तीन फोकस ग्रुप घे, म्हणजे थोड्या जणांना एकत्र बसवून या विषयावर त्यांची चर्चा घडव. ती चालवायची मीच.

सहा ते आठ जण, तास-दीड तास, खुले प्रश्न, संमतीपत्र, हे सगळं वाचून पाठ आहे. अडतंय ते पुढे.

एक तर बोलवायचं कुणाला? एकाच प्रकल्पावर काम केलेले एकत्र बसवले तर खरं काय ते बाहेर येईल असं मला वाटतं. मैत्रीण म्हणते, भांडणं होतील. दुसरं म्हणजे माझा स्वभाव. समोरचा अडखळला की त्याचं वाक्य मीच पुरं करते. शिवाय या विषयावर माझं मत चांगलंच पक्कं आहे (मी त्या राबणाऱ्या दोघांतली), ते चेहऱ्यावर दिसणारच. आणि जो प्रकल्पात सगळं ताब्यात घेतो, तो इथेही बोलत सुटला तर त्याला आवरायचं कसं?

प्रश्नांचा मसुदा:
"गटातले काही जण काम टाळतात असं तुम्हाला वाटतं का?"
"त्यांचा राग येतो का?"
"शिक्षकांनी यावर काय करायला हवं?"

ज्यांनी प्रत्यक्ष ग्रुप घेतले आहेत त्यांनी कृपया सांगावं. मसुद्याची चिरफाड केलीत तरी चालेल.

प्रतिसाद

बाजार संशोधनात बरीच वर्षं हेच काम केलं, म्हणून लिहितो.

एकाच प्रकल्पातले लोक एकत्र बसवू नका. भांडण झालं तर बरंच म्हणायचं, निदान काही कळेल तरी. प्रत्यक्षात होतं असं की कुणी तोंडच उघडत नाही. त्यांना पुढच्या सत्रात पुन्हा एकमेकांची तोंडं पाहायची असतात. "आमच्यात तसं काही नव्हतं" यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि तुमचा दीड तास जातो. साधारण सारख्या अनुभवाचे, पण एकमेकांच्या गटात कधी न राहिलेले असे निवडा. जमलं तर जास्त काम करणारे एका ग्रुपात, मागे राहणारे दुसऱ्या. अर्थात 'कामचुकारांनी इकडे या' अशी सूचना लावता येत नाही. प्रश्नावलीत 'तुमचा वाटा इतरांच्या तुलनेत किती' असं काही विचारलं असेल तर त्यावरून निवडा. आणि आठ हवे असतील तर दहांना बोलवा, दोघं ऐनवेळी गळतातच.

आता चिरफाड. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांत उत्तर आधीच भरून ठेवलं आहे. 'काम टाळतात' हे शब्द तुमच्या तोंडून गेले की मागे राहणारा माणूस तिथेच मिटला. त्याऐवजी: "तुमचा सगळ्यात अलीकडचा गटप्रकल्प आठवा. पहिल्यांदा सगळे भेटलात तेव्हा काय काय झालं?" मग "कोण काय करणार हे कसं ठरलं?" मग "ठरलेलं आणि झालेलं यात कुठे फरक पडला?" राग यायचा असेल तर तिसऱ्या प्रश्नाला आपोआप येईल. 'का' शक्यतो टाळा, जाब विचारल्यासारखा लागतो. शिक्षकांचा प्रश्न अगदी शेवटी ठेवा. आधी विचारलात की सगळे मिळून शिक्षकांवर घसरतील.

जाता जाता: प्रश्नावलीची तुमची तक्रार जुनीच आहे. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांच्याकडे रेडिओचे कार्यक्रम ऐकवून श्रोत्यांकडून बटणं दाबून घेत असत, आवडलं तर हिरवं, नाही आवडलं तर लाल. कुठे आवडलं नाही ते कळायचं. काय खटकलं, ते नंतर त्या श्रोत्यांशी बोलूनच कळायचं. त्यांचे सहकारी रॉबर्ट मर्टन यांनी ते बोलणं हातात घेतलं आणि त्यातून फोकस ग्रुपची ही पद्धत उभी राहिली. 'बहुतेक वेळा' हे तुमचं बटण आहे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१. वाक्य पुरं करण्याच्या सवयीबद्दल: प्रश्न विचारून झाला की मनात पाचपर्यंत आकडे मोजा. फार लांब वाटतात, पण चौथ्या आकड्याच्या आसपास कुणीतरी बोलतंच. 'छान', 'अगदी बरोबर' बंद. ती तुमची शाबासकी ठरते, आणि पुढचा माणूस तीच मिळवायला बोलतो. 'हं', 'म्हणजे कसं?', 'अजून सांगा' एवढ्यावर भागवा.

बोलत सुटणाऱ्याला आपल्या शेजारी बसवायचं, समोर नाही. नजरेला नजर मिळाली की त्याला बोलायचा परवाना मिळतो. समोरची जागा गप्प राहणाऱ्याची. कोण कसा आहे हे लोक जमताना दारातल्या गप्पांवरून कळतं, म्हणून नावाच्या पाट्या आधी मांडून ठेवू नका, गप्पा झाल्यावर मांडा. मध्येच तोडायचं तर, "हा मुद्दा आला. याहून वेगळा अनुभव कुणाचा आहे?"

सगळ्यात कामाची युक्ती: पहिल्या प्रश्नाला बोलण्याआधी दोन मिनिटं प्रत्येकाने कागदावर लिहायचं, मग एकेकाने वाचायचं. एकदा लिहिलेलं, शेजाऱ्याचं ऐकून बदलणं अवघड जातं.

धागाकर्ती

खूप आभार! प्रश्न पार बदलले. पण प्रश्नावली निनावी होती, त्यामुळे कुणी किती काम केलं हे नावानिशी कळत नाही. आणि एक, निष्कर्षात 'आठपैकी सहा जणांना असं वाटतं' असं लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद

निनावी होती तर तिच्याकडे परत जाऊच नका. आमंत्रण देताना दोन-तीन साधे प्रश्न नव्याने विचारा, तेवढं पुरतं.

आठपैकी सहा मात्र लिहू नकोस. दोघं मान डोलावतात, एकजण गप्प बसतो, त्यांना मोजणार कुठे? ग्रुपमध्ये पाहायचं ते बोलणं कसं वळतं. समज, एकजण म्हणाला, "मला कामच कुणी दिलं नाही." त्यावर बाकीचे हसले, की दुसरा म्हणाला "माझंही तसंच झालं"? तुझं प्रकरण त्या दोन ओळींत आहे.

त्यासाठी सोबत एक नोंद घेणारी हवी. तिने बसण्याचा नकाशा काढायचा आणि प्रत्येक बोलण्याचे पहिले दोन-तीन शब्द माणसाच्या क्रमांकासह टिपायचे. नाहीतर रेकॉर्डिंग ऐकताना कोणता आवाज कुणाचा, हे शोधण्यात जीव जातो. तासाभराचं बोलणं उतरवायला एरवीही पाच-सहा तास सहज लागतात. दोन फोनवर रेकॉर्ड कर, आणि दोन्ही पंख्यापासून लांब ठेव.

संमतीपत्रात 'संपूर्ण गोपनीयता राखली जाईल' असं असेल तर ते बदल. तुझ्यापुरती हमी तू देऊ शकतेस, ग्रुपमधल्या इतरांची नाही. हे लेखी दे, आणि सुरुवातीला तोंडीही सांग.

तुझ्या पक्क्या मताचं: ग्रुपच्या आधी, तुला काय ऐकायला मिळेल असं वाटतं ते लिहून नोंद घेणारीकडे दे. त्यातलं काही निघालं की तू लगेच खोदत बसतेस आणि बाकीचं सोडून देतेस का, यावर तिने लक्ष ठेवायचं. एक सराव ग्रुप घे, चार जणांचा पुरे. त्याचं रेकॉर्डिंग ऐकताना फक्त तुझं बोलणं मोज. ते एकूण वेळेच्या पाचव्या हिश्शाच्या वर गेलं असेल तर प्रश्न अजून छाट.

धागाकर्ती

मैत्रिणीलाच नोंदींना बसवते, भांडणं होतील म्हणणारी तीच. सराव ग्रुप झाला की नवे प्रश्न इथेच टाकते.